दाटीची सवय कोणाला?

मुंबईतील जुन्या चाळींच्या आणि झोपडपट्ट्यांच्या पुनर्विकासाची चर्चा निघाली, की एक वाक्य हटकून कानी पडते. घर इतके लहान का, दोन इमारतींमधील अंतर इतके तोकडे का, एका मजल्यावर इतकी बिऱ्हाडे कशासाठी, असे कोणी विचारले, तर उत्तर मिळते की, आपल्या लोकांना दाटीची सवय असते. हे उत्तर कंत्राटदार देतात, अधिकारी देतात आणि दुर्दैवाची गोष्ट अशी की, स्वतः प्रशस्त घरांत राहणारे सुशिक्षित नागरिकही ते मोठ्या समजूतदारपणाने बोलून दाखवितात. ह्याच्या अगदी उलट असे दुसरे वाक्यही तितक्याच वेळा ऐकू येते. एखाद्या वस्तीत मारामारी झाली, लोकलच्या डब्यात हातघाईवर प्रसंग आला, की 'इतकी माणसे एका ठिकाणी कोंबल्यावर दुसरे काय होणार?' असा सुस्कारा सोडण्यात येतो. एकाच गृहस्थाच्या तोंडून ही दोन्ही वाक्ये एकाच दिवशी निघालेली आम्ही ऐकली आहेत. पहिल्या वाक्यात दाटी निरुपद्रवी ठरते. दुसऱ्यात ती माणसाचे जनावर करून टाकते. दोन्ही एकाच वेळी खरी असणे शक्य नाही. आमच्या मते ती दोन्ही खोटी आहेत. आणि त्यांचे खोटेपण दाखविणारा पुरावा गेल्या साठ वर्षांत जगाच्या निरनिराळ्या भागांत, आणि त्यातील अत्यंत महत्त्वाचा भाग आमच्या पुणे शहरात, गोळा झालेला आहे.

दुसऱ्या वाक्याचा उगम प्रथम पाहू. दाटीने माणूस बिघडतो ही कल्पना जुनी असली, तरी तिला शास्त्राचा साज चढविला तो अमेरिकेतील जॉन कॅल्हून ह्या संशोधकाच्या उंदरांनी. मेरीलँडमधील एका धान्यकोठारात त्यांनी एकमेकांना जोडलेल्या चार कप्प्यांत उंदीर वाढविले. अन्नपाण्याची ददात नव्हती. कमी होती ती केवळ जागेची. संख्या वाढत गेली, तसतसे त्या उंदरांचे वर्तन विस्कटले. माद्या पिलांची निगा राखीनात, नर एकमेकांवर तुटून पडू लागले, काही जण कोपऱ्यात मुके होऊन बसले. १९६२ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. पुढे १९६८ साली त्यांनी आठ पांढऱ्या उंदरांना, म्हणजे चार जोड्यांना, सर्व सुखसोयींनी युक्त अशा एका पेटीत सोडले. ही संख्या १९७० पर्यंत २,२०० वर गेली, नंतर प्रजननच थांबले आणि १९७३ च्या सुमारास ती वसाहत निर्वंश झाली. शहरांच्या भवितव्याविषयी धास्तावलेल्या पाश्चात्त्य वाचकांना ह्यात आपलेच चित्र दिसले, ह्यात नवल नाही.

परंतु ह्या प्रयोगातील एक तपशील बहुतेकांनी वाचला नाही, किंवा वाचून सोडून दिला. त्या चार कप्प्यांपैकी दोन टोकांच्या कप्प्यांत शिरावयास एकच वाट होती. ती वाट एखादा बलवान नर अडवून बसे, आणि त्याच्या आतल्या कप्प्यात माद्या पिलांचे संगोपन नीट करीत. दाणा-पाणी तेच, कोठार तेच. अनर्थ झाला तो मधल्या कप्प्यांत, जेथे कोणीही, केव्हाही, कोठूनही येऊ शकत होते. उंदरांवरून माणसाविषयी अनुमान काढण्याचा आम्हांस फारसा उत्साह नाही. पण काढावयाचेच असेल, तर ते हे काढावे लागेल की, प्रश्न संख्येपेक्षा दाराचा होता.

हा तपशील सुटला त्याची किंमत पुढे माणसांनी मोजली. १९६८ सालीच पॉल एर्लिक ह्यांचे लोकसंख्येच्या स्फोटाविषयीचे पुस्तक निघाले. त्याचा आरंभ दिल्लीच्या एका गजबजलेल्या रस्त्यावरील रात्रीच्या टॅक्सीप्रवासाने होतो. रस्त्यावर जेवणारी, झोपणारी, भांडणारी माणसे पाहून लेखकाला लोकसंख्येच्या प्रश्नाचा साक्षात्कार झाला म्हणे. त्या काळी दिल्लीहून पॅरिस कितीतरी मोठे शहर होते, पण पॅरिसच्या बुलेव्हारवरील गर्दी पाहून असा साक्षात्कार कोणाला झाल्याचे ऐकिवात नाही. दाटीचे भय हे पुष्कळदा गरिबीच्या किळसेचे सभ्य नाव असते. ह्या भयाच्या वातावरणातच आणीबाणीत, १९७६-७७ ह्या एका वर्षात, आपल्या देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत करून घेण्याचा मान, मान म्हणावयाचा असेल तर, १९७६ साली महाराष्ट्राने मिळविला. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, हे आमचे सुदैव. त्यानंतर कोणतीही सक्ती न करता महाराष्ट्राचा जननदर २०१९-२१ च्या पाहणीत स्त्रीमागे १.७ मुलांपर्यंत खाली आला. मुंबईतील खोल्यांची दाटी मात्र त्या मानाने हटलेली नाही. कारण ती मुलांच्या संख्येतून कमी आणि जागेच्या भावातून अधिक उत्पन्न होते.

येथे घनता ह्या शब्दाविषयी थोडे खुलासेवार बोलणे भाग आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात दर चौरस किलोमीटरला ३८२ माणसे होती आणि महाराष्ट्रात ३६५. हॉलंडमध्ये हा आकडा आज पाचशेच्या पुढे आहे. पण हॉलंडच्या दाटीने कोणाची झोप उडालेली नाही. त्याहून बोलके उदाहरण पॅरिसचे. मुंबईच्या शहर आणि उपनगर ह्या दोन जिल्ह्यांत मिळून २०११ साली चौरस किलोमीटरला वीस हजारांच्या आसपास वस्ती होती. पॅरिस शहराची घनताही वीस हजारांच्या आसपासच आहे. म्हणजे नकाशावर मोजले, तर मुंबईकर आणि पॅरिसकर सारख्याच दाटीत राहतात! पण घरात पाऊल टाकले, की हे साम्य संपते. मुंबईतील निम्म्याहून अधिक कुटुंबे २०११ साली एकाच खोलीत राहत होती. जमिनीवरची दाटी ही एक गोष्ट आणि छपराखालची दाटी ही दुसरी. पहिली भूगोलाच्या पुस्तकात सापडते, दुसरी संसारात भोगावी लागते. १९७२ साली शिकागो शहराच्या आकडेवारीची छाननी करणाऱ्या तीन समाजशास्त्रज्ञांना हेच आढळले. एकरामागे माणसे किती ह्याचा सामाजिक विकृतींशी संबंध गरिबीचा हिशेब केल्यावर जवळजवळ नाहीसा होत होता. खोलीमागे माणसे किती ह्याचा मात्र टिकून राहत होता.

ह्या दोन दाट्या एकमेकींपासून किती दूर जाऊ शकतात, ह्याचे जगातील सर्वांत विलक्षण उदाहरण आफ्रिकेतील कलाहारी वाळवंटातील कुंग लोकांचे आहे. मैलोन् मैल माणूस दृष्टीस पडू नये असा तो प्रदेश. पण हे लोक आपल्या झोपड्या वर्तुळात इतक्या जवळ बांधीत की, न उठता एका शेकोटीवरून दुसऱ्या शेकोटीवर वस्तू देता यावी. पॅट्रिशिया ड्रेपर ह्या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा ह्या दाटीचा कसलाही जाच त्यांच्या ठिकाणी दिसत नसल्याचे त्यांनी नोंदविले, रक्तदाबही कमीच. स्वेच्छेने आप्तांच्या अंगास अंग लावून बसणारी ही माणसे होती. आणि भांडण झालेच, तर मोळी बांधून दुसऱ्या तळावर निघून जाण्यास त्यांना कोणाची परवानगी लागत नव्हती. आमच्या चाळीतील भाडेकरूला हे स्वातंत्र्य असते, तर मुंबईच्या लघुवाद न्यायालयाचे काम निम्म्यावर आले असते.

आता हाँगकाँगकडे वळू. कारण दाट शहराचा विचार त्याच्यावाचून पुरा होत नाही. १९५३ सालच्या नाताळच्या रात्री तेथील शेक किप मेई ह्या झोपडवस्तीला आग लागली आणि सुमारे ५३,००० माणसे उघड्यावर पडली. त्यातून सरकारी पुनर्वसनाच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत प्रौढ माणसामागे २४ चौरस फूट आणि मुलामागे त्याच्या निम्मी असा जागेचा हिशेब धरला होता. नळ आणि संडास सामाईक. कॅल्हूनचे उंदीर खरे बोलत असते, तर ह्या इमारतींत रक्तपात व्हावयास हवा होता. तसे काही झाले नाही. रॉबर्ट मिचेल ह्यांनी तेथील हजारो रहिवाशांची पाहणी केली आणि तिचे निष्कर्ष १९७१ साली मांडले. केवळ दाटीमुळे गंभीर मानसिक आजार वाढल्याचे त्यांना दिसले नाही. परंतु एकाच घरात नात्यागोत्याबाहेरचे दुसरे बिऱ्हाड असेल, आणि त्यातही घर वरच्या मजल्यावर असेल, तर वैरभाव आणि मनःस्ताप वाढत होता. कारण उघड आहे. तळमजल्यावरचा माणूस कटकट झाली तर दोन पावलांत रस्त्यावर जाऊ शकतो; सहाव्या मजल्यावरच्याला तेवढी सुटका नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती फारशी कोणी उद्धृत करीत नाही. घरात जागा नसल्याने आईबाप मुलांना बाहेर सोडीत, आणि मुले कोठे आहेत, काय करीत आहेत, ह्याची त्यांना गंधवार्ता नसे. म्हणजे दाटीने माणसे वेडी झाली नाहीत. पण मुले मात्र बापाच्या नजरेआड गेली.

येथे संस्कृतीचा प्रश्न येतो. निरनिराळे समाज दाटी निरनिराळ्या रीतीने सोसतात, हे निर्विवाद आहे. एडवर्ड हॉल ह्यांनी १९६६ साली ह्या विषयावर जो ग्रंथ लिहिला, तो आजही वाचनीय आहे. जर्मन माणसास एकांतासाठी जाड, घट्ट बसणारे दार लागते. अमेरिकन आपल्या कचेरीचे दार उघडे टाकून बसतो. आणि अरब कुटुंबात एकटे राहावयाचे झाले, तर माणूस बोलणे बंद करतो, असे त्यांचे निरीक्षण होते. हे तिसरे वर्णन वाचून मराठी वाचकाला आपले घर आठवल्यावाचून राहणार नाही. एका खोलीच्या संसारात वडील मंडळी वर्तमानपत्र उघडून धरीत, तेव्हा ते वाचण्यासाठीच धरलेले असे, असे नाही. वर्तमानपत्राचा हा भिंत म्हणून झालेला उपयोग संपादकांस कमीपणाचा वाटला, तरी समाजाला तो उपकारक होता. अलीकडे, २०१७ साली, ४२ देशांतील सुमारे नऊ हजार माणसांना अनोळखी माणसापासून आपण किती अंतरावर उभे राहू, असे विचारण्यात आले. अर्जेंटिनातील माणसांनी सर्वांत कमी अंतर सांगितले, रुमानियातील माणसांनी सर्वांत अधिक. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले की, दाट वस्तीच्या देशांतील माणसे उतावळी नसून उलट दूरचा विचार करणारी असतात. ती लग्ने उशिरा करतात, मुले थोडी होऊ देतात आणि त्यांच्या शिक्षणावर अधिक खर्च करतात. अशा तुलनांत संपत्तीचा आणि शिक्षणाचा गुंता असतो, म्हणून आम्ही त्यांवर फार भार टाकू इच्छीत नाही. पण दाटीने माणूस रानटी होतो ह्या मताला त्यांतून आधार मिळत नाही, एवढे खास.

आमच्या शहराचेच पाहा. लोकलच्या डब्यात तिघांच्या बाकावर चौथ्याने बसावयाचे, तिघांनी कुरकुर न करता सरकावयाचे, आणि चौथ्याने अर्ध्या बैठकीवर समाधान मानावयाचे, हा कायदा कोणत्या विधिमंडळाने केला? उभ्या माणसाने बसलेल्यास 'कोठे उतरणार?' असे विचारून त्याची जागा आगाऊ राखून ठेवावी आणि आजूबाजूच्या दहा जणांनी तो करार मान्य करावा, हा शिष्टाचार कोणत्या शाळेत शिकवितात? चाळीत दिवसा दार लोटून घेणे हा उद्धटपणा समजत आणि उघड्या दारातून आत न पाहणे ही सभ्यता समजत. दाटीत राहणाऱ्या समाजाने शेकडो बारीकसारीक नियमांनी आपल्यासाठी अदृश्य भिंती बांधलेल्या असतात. २०२० च्या एप्रिलमध्ये धारावीत करोनाची साथ शिरली, तेव्हा जगातील वृत्तपत्रांनी तेथे अराजकाचे भाकीत केले होते. अराजक झाले नाही. घरोघर तपासणी झाली, शाळा आणि सभागृहे विलगीकरणासाठी घेण्यात आली आणि त्या वर्षीच्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख गौरवाने केला.

परंतु त्याच जुलै महिन्यात मुंबईच्या तीन प्रभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांच्या रक्तात ह्या रोगाची प्रतिद्रव्ये सापडली. झोपडपट्टीबाहेर ती १६ टक्के होती. वर्तन ढळले नाही. शरीराने मात्र दाटीचा पुरता हिशेब चुकविला. हा फरक आम्ही वाचकांनी ध्यानात ठेवावा असा आग्रह धरतो, कारण 'सवय' ह्या शब्दाचा सारा खोटेपणा त्यात आहे. माणूस सवयीने तक्रार करावयाचे सोडतो. त्यावरून त्याला त्रास होत नाही असे अनुमान काढणारे लोक वाहणे चावत नाही म्हणून पाय निर्जीव आहे की काय, हे पाहण्याचे कष्ट घेत नाहीत.

अमेरिकेतील गॅरी इव्हान्स ह्या मानसशास्त्रज्ञांनी नेमके ह्याच प्रश्नाला हात घातला. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत राहणाऱ्या चार वेगवेगळ्या वंशांच्या कुटुंबांची तुलना करून २००० साली आपला निष्कर्ष मांडला. मेक्सिकन आणि व्हिएतनामी कुटुंबांना तेवढ्याच जागेत तेवढीच माणसे असताना घर कमी दाटीचे वाटे. येथवर 'सवय' पक्षाची सरशी झाली. पण मनःस्तापाची मोजणी केली तेव्हा खोलीमागे माणसे वाढली, की तो चारही गटांत सारखाच वाढत होता. वाटणे वेगळे होते. भोगणे एकच होते.

आणि हेच संशोधक त्याच्या आधी पुण्यात येऊन गेले होते. पुणे विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागातील संशोधकांसह त्यांनी केलेले दोन अभ्यास १९८९ आणि १९९८ साली प्रसिद्ध झाले. आपल्या शहरांविषयी निर्णय घेणाऱ्यांपैकी किती जणांनी ते वाचले असतील, ह्याविषयी आम्हांस दाट शंका आहे. पहिला अभ्यास पुण्यातील कुटुंबप्रमुख पुरुषांचा होता. दाटीच्या घरात राहणाऱ्यांना अडीअडचणीस माणसे अधिक मिळत असतील, ही आमची सर्वांची गोड समजूत. शेजारधर्म, मदतीस धावून येणारी बिऱ्हाडे, एकाचे आजारपण साऱ्या मजल्याचे होणे, ह्या गोष्टी चाळीच्या साहित्याने आमच्या मनांवर कोरल्या आहेत. 'बटाट्याची चाळ' १९५८ साली प्रसिद्ध झाली, तेव्हापासून तर चाळ ही आमची सामाईक आठवणच होऊन बसली. त्या गोष्टी खोट्या होत्या असे आम्ही म्हणत नाही. परंतु पुण्याच्या पाहणीत असे दिसले की, घरातील दाटी जितकी अधिक, तितका माणसाला मिळणारा आधार कमी. आणि मनःस्वास्थ्य बिघडत होते ते प्रामुख्याने ह्या आधाराच्या ऱ्हासामुळे. दाटीतून सुटावयास दार नसलेला माणूस आपल्या आतले दार लावून घेतो. नियमितपणे हे दार लावण्याची सवय लागली, की ते आपल्या माणसांसाठीही उघडत नाही.

दुसरा अभ्यास मुलांचा आहे, आणि तो वाचून स्वस्थ बसवत नाही. श्रमिक कुटुंबांतील दहा ते बारा वर्षांची शाळकरी मुले त्यासाठी निवडली होती. उत्पन्नाचा फरक हिशेबात धरूनही असे आढळले की, घरात दाटी अधिक असलेली मुले अभ्यासात मागे होती, शाळेतील त्यांचे वागणे अधिक बिघडलेले होते आणि आईबापांशी त्यांचे खटके अधिक उडत होते. मुलग्यांचा रक्तदाब वाढलेला होता. मुलींच्या ठिकाणी वेगळेच दिसले. अवघड कोडे समोर आले, की त्या प्रयत्न लौकर सोडून देत. आपल्या हाती काही नाही, असे त्यांनी आधीच शिकून घेतलेले होते. ही मुले जन्मापासून त्याच खोलीत वाढलेली होती. सवय कोणाला असावयाचीच, तर ती त्यांना असावयास हवी होती!

आम्ही आयुष्यातील काही वर्षे शाळेत शिकविण्यात घालविली आहेत. पहिल्या तासाला पेंगणारा मुलगा आळशी असतो, असे मानून त्यास उभे करणे शिक्षकास सोपे असते. त्याच्या घरी रात्री अकरापर्यंत दिवा आणि दूरदर्शन चालू असते, पाहुणे असतात, आणि अंथरूण घालावयास जमीन मोकळी व्हावी म्हणून तो शेवटी झोपतो, हे वर्गात दिसत नाही. वरळीच्या बी. डी. डी. चाळींजवळ 'अभ्यास गल्ली' म्हणून प्रसिद्ध असलेला एक रस्ता आहे. घरी जागा आणि शांतता नाही म्हणून मुलांच्या अनेक पिढ्यांनी तेथे दिव्याच्या खांबाखाली बसून परीक्षा दिल्या. त्या गल्लीतून शिकून पुढे आलेल्यांचे कौतुक दरवर्षी होते. ते व्हावयास हवे. पण त्या गल्लीत बसावयास ज्या मुलींना रात्री घरून परवानगी मिळाली नाही, त्यांची गणना कोठेच नाही.

येथे कोणी म्हणेल की, दाटी इतकी वाईट, तर माणसे आपण होऊन दाटी का करतात? वारीत, जत्रेत, गणपतीच्या विसर्जनाला लाखो लोक खांद्यास खांदा लावून उभे राहतात, आणि घरी येतात ते प्रसन्न होऊन. ह्या आक्षेपाचे उत्तरही संशोधकांनी दिलेले आहे. अलाहाबादेच्या माघमेळ्यात महिनाभर थंडीत, गोंगाटात, अपुऱ्या सोयींत राहणाऱ्या कल्पवासी यात्रेकरूंची पाहणी भारतीय आणि ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी केली. घरी राहिलेल्यांच्या तुलनेत यात्रेकरूंचे स्वास्थ्य सुधारलेले दिसले. एकच गोंगाट त्यांना ऐकविला, तो मेळ्यातला आहे असे सांगितले तेव्हा त्यांनी तो अधिक वेळ ऐकला; शहरातल्या रस्त्यावरचा आहे असे सांगितले, तेव्हा तोच आवाज नकोसा झाला. स्वतः निवडलेली, आपल्या माणसांची आणि ठरावीक दिवशी संपणारी दाटी ही एक गोष्ट. लादलेली आणि जन्मभर पुरणारी दाटी ही अगदी निराळी. वारकरी आषाढात पंढरपुरास जातो, तो तेथे कायमचे बिऱ्हाड करण्यासाठी नव्हे. आणि निवडलेल्या गर्दीतही वाट अरुंद असेल, तर सज्जनपणा कामास येत नाही. २९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या वेळच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २३ माणसे मेली, ती बेशिस्त होती म्हणून नव्हे. पूल अरुंद होता. 'चेंगराचेंगरी' हा आमचा शब्दच अन्यायी आहे. मेलेल्यांनी एकमेकांना मारले, असा भास त्यातून होतो.

हा सारा विचार आम्ही आज मांडतो आहोत तो एका तातडीच्या कारणासाठी. मुंबईत सध्या जेवढी घरे पाडून नव्याने बांधली जात आहेत, तेवढी पूर्वी क्वचितच बांधली गेली असतील. जे आज बांधले जाईल, त्यात तीन पिढ्या राहतील. काही ठिकाणी निर्णय चांगले झाले आहेत. बी. डी. डी. चाळींत शंभर वर्षे १६० चौरस फुटांच्या खोल्यांत संसार करणाऱ्यांना पाचशे चौरस फुटांची घरे देण्याचे ठरले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील पहिल्या रहिवाशांच्या हाती किल्ल्या पडल्या. ह्याचे आम्ही स्वागत करतो. परंतु झोपडपट्टी पुनर्वसनात घराचे माप २२५ चौरस फुटांवरून २६९ आणि पुढे ३०० वर यावयास दोन दशकांहून अधिक काळ लागला. चौरस फुटांच्या ह्या घासाघिशीत बाकीचे प्रश्न बाजूलाच पडतात. गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमधील पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींपासून अवघ्या तीन मीटरांवर उभ्या आहेत. तेथे सूर्यप्रकाश आणि वारा खालच्या मजल्यांपर्यंत पोहोचत नाही, आणि क्षयरोगाचा प्रादुर्भाव त्याच्याशी निगडित आहे, असे २०१८ च्या एका अभ्यासाने दाखविले. झोपडीत निदान दारासमोर गल्ली होती, ओटा होता, मूल दिसत होते. उंच इमारतीत घर पक्के झाले, पण हाँगकाँगच्या सहाव्या मजल्याची कथा येथे पुन्हा सुरू झाली. ज्या हाँगकाँगचे नाव आमचे नियोजक येता-जाता घेतात, त्याने घरांचे तुकडे पाडून भाड्याने देण्याच्या प्रथेविरुद्ध २०२५ साली कायदा केला आणि आठ चौरस मीटरांहून लहान असे घर भाड्याने देणे बेकायदा ठरविले. सत्तर वर्षे दाटी सोसून त्या शहराला सवय झाली नाही, हे ह्यावरून दिसतेच.

आमच्या मागण्या माफक आहेत. तीनशे चौरस फुटांच्या घरातही लावता येईल असे दार असलेली दुसरी खोली आखता येते. ती आखलीच पाहिजे असा नियम करा. दोन इमारतींमधील अंतरात सवलत देण्याची प्रथा बंद करा. प्रत्येक पुनर्वसन इमारतीत मंदिर आणि सोसायटीची कचेरी ह्यांच्याआधी अभ्यासिका बांधा, आणि तिच्यात मुलींना रात्री बसता येईल अशी व्यवस्था ठेवा. ह्यासाठी विकासकाच्या नफ्यात थोडी कपात होईल. त्यावर विकासक रडतील. त्या रडण्याची मात्र ह्या शहराला खरोखरच सवय आहे.

राहिला आकड्यांचा प्रश्न. २०२१ ची जनगणना लांबली आणि नवीन गणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख ठरविण्यात आली. तिच्या घरयादीच्या प्रश्नावलीत, कुटुंबाकडे राहण्याच्या खोल्या किती आणि त्या घरात विवाहित जोडपी किती, असे दोन साधे प्रश्न आहेत. एका खोलीत दोन जोडपी राहणारी घरे कोठे आणि किती आहेत, हे त्या दोन उत्तरांवरून प्रत्येक प्रभागात कळू शकते. शासनाने ही माहिती प्रभागवार प्रसिद्ध करावी आणि पुनर्विकासाच्या योजनांना मंजुरी देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याच्या टेबलावर चौरस किलोमीटरच्या घनतेऐवजी तो तक्ता ठेवावा.